गटाचं कर्ज, शेळीचे आठ महिने आणि चटणीचा हिशोब

गावात ‘गट’ हा शब्द हल्ली दोन वेगळ्या गोष्टींना चिकटलाय आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक गट म्हणजे दहा-बारा बायकांनी महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकून स्वतः चालवलेला बचत गट. दुसरा म्हणजे फायनान्सवाल्यांनी कर्ज वाटायला जमवलेल्या बायका. त्यांचा माणूस आठवड्याला किंवा पंधरवड्याला मोटारसायकलवर येऊन हप्ता नेतो. दोन्हीकडे बायका गोल बसतात, दोन्हीकडे एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या कपाळावर आठ्या येतात. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. पत्रकार आणि पुढारीही दोन्हींना सर्रास ‘बचत गट’ म्हणून मोकळे होतात.

ओळखायचं कसं? वही कुणाच्या घरी असते ते विचारा. खऱ्या बचत गटाची वही गावात असते. व्याज गटाच्या खात्यात पडतं आणि कर्ज कुणाला द्यायचं हे बैठकीत ठरतं. फायनान्सच्या गटाची वहीच नसते, असतं ते कंपनीचं कार्ड. २०१० साली आंध्र प्रदेशात कर्जावर कर्ज चढून बायकांचं जगणं मुश्कील झालं आणि तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला, तो या दुसऱ्या प्रकाराच्या कंपन्यांवर. पुढे लिहिलंय ते पहिल्या प्रकाराबद्दल.

थोडी पार्श्वभूमी देतो आणि पुढे जातो. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, १९७५चं. नाबार्डने १९९२मध्ये ५०० गट बँकांशी जोडून पाहण्याचा प्रयोग केला आणि नोंदणी नसलेल्या, तारण नसलेल्या गटाला कर्ज देण्याची वाट बँकांसाठी मोकळी झाली. ‘उमेद’, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, २०११पासून. आज ग्रामीण महाराष्ट्रातले बहुतेक गट माविम आणि उमेद या दोघांपैकी एकाच्या छत्राखाली आहेत.

मजुरीवर चालणाऱ्या घरात गटाने पहिला फरक पडतो तो धंद्यामुळे नाही, अंतर्गत कर्जामुळे. जूनमध्ये बियाणं, शाळा उघडणं आणि पहिल्या पावसातला ताप हे सगळं एकदम येतं, आणि मजुरी मात्र नांगरट-पेरणी मार्गी लागेपर्यंत धड सुरू होत नाही. तेव्हा सावकाराकडून शेकडा पाचने १०,००० उचलले आणि मुद्दल सहा महिने तसंच राहिलं, तर व्याज होतं ३,००० रुपये. तेच १०,००० गटातून शेकडा दोनने घेतले आणि दर महिन्याला मुद्दलाचा सहावा हिस्सा फेडला, तर व्याज पहिल्या महिन्यात २००, मग १६७, १३३, १००, ६७ आणि शेवटी ३३. सगळं मिळून ७००. म्हणजे २,३०० रुपये घरात राहिले. ही कमाई कुठल्याही ‘यशोगाथेत’ छापून येत नाही, कारण तिचा फोटो काढता येत नाही.

इथे एक चूक जवळजवळ ठरलेली. हिशोब सोपा पडावा म्हणून बऱ्याच गटांत व्याज पहिल्या मुद्दलावरच लावत राहतात, दर महिन्याला सरसकट २००. सहा महिन्यांत १,२००. वहीवर दर ‘शेकडा दोन’च असतो, पण बाईला पडतो शेकडा साडेतीनच्या आसपास. व्याज उरलेल्या मुद्दलावरच लावायचं, हे गट स्थापन झाल्याच्या पहिल्या इतिवृत्तात लिहून ठेवावं. नंतर बदलायला गेलं की आधी जास्त भरलेल्या बायका भांडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. फायनान्स कंपनीही त्याच्या आसपासच घेते, मग काय फरक, असा प्रश्न हुशार मुली हमखास विचारतात. फरक व्याज जातं कुठे त्यात आहे. फायनान्सचं ४०,००० चं कर्ज २४ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडलं तर महिन्याचा हप्ता २,११५च्या आसपास बसतो आणि एकूण साडेदहा हजारांहून जास्त व्याज गावाबाहेर जातं. गटातलं व्याज गटाच्या निधीत साठतं आणि पुढच्या महिन्यात दुसरीच्या औषधाला मिळतं.

आता वही. गट मोडतात ते भांडणाने असं म्हणतात. भांडण होतं ते मात्र बहुतेक वेळा वहीतल्या एका ओळीवरून. समजा एका बाईने बैठकीत ४५० रुपये दिले. सचिव पासबुकात लिहिते ‘४५०’ आणि पुढची बाई. सहा महिन्यांनी ती म्हणते माझं कर्ज फिटलं, आणि वही म्हणते आठशे बाकी. त्या ४५० ची फोड तिथल्या तिथे व्हायला हवी: बचत २००, मुद्दल २००, व्याज ४०, दंड १०. तिचं कर्ज २,००० बाकी होतं, त्याचं शेकडा दोनने व्याज ४०. आधी व्याज, मग मुद्दल. मुद्दल आणि व्याज मिळून तिने शंभरच आणले असतील तर ४० व्याजात, ६० मुद्दलात. आणि ही नोंद गटाच्या वहीत व तिच्या पासबुकात, दोन्हीकडे, बैठक उठायच्या आत. ‘घरी जाऊन लिहिते’ म्हणणारी सचिव कितीही प्रामाणिक असली तरी घरी चूल, पोरं आणि म्हैस असते.

पैसे जमल्यावर ते मोठ्याने मोजावेत, रोकडवहीशी जुळवावेत, त्याच बैठकीत कर्जाची मागणी घेऊन वाटावेत आणि उरलेले दुसऱ्या दिवशी बँकेत जावेत. अध्यक्षेच्या डब्यात पंधरा दिवस राहिलेली रोकड तिलाही नको तितका मोह घालते. खात्यावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या सह्या लागतात. तालुक्याला जायचं म्हणून दोघींनी कोऱ्या स्लिपांवर सह्या करून एकीच्या हातात गठ्ठा दिला की ती अट उरत नाही. असं सगळीकडे होतं. एसटीचं तिकीट वाचतं हे खरं, पण निदान रक्कम अक्षरात लिहिल्याशिवाय सही नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या गटांना महिन्याच्या बैठकीचा नियम झेपत नाही. बीडच्या बाजूने दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. अशा गटांनी मुकादमाची उचल हातात पडते तेव्हाच सहा महिन्यांची बचत आगाऊ घ्यावी आणि इतिवृत्तात तसा ठराव लिहावा. ठराव नसेल तर प्रतवारीच्या वेळी, म्हणजे गटाचा कारभार तपासून दर्जा ठरवताना, ‘सहा महिने बैठक नाही’ एवढंच दिसतं.

प्रतवारी, कारण पुढचे सगळे पैसे त्यावर. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री तीन महिने पाळली की फिरता निधी, म्हणजे गटात कर्जाऊ फिरवायला सरकारकडून येणारी रक्कम, मिळतो. महाराष्ट्रात तो २०२३मध्ये १५,००० वरून ३०,००० झाला. सहा महिन्यांनंतर बँकेचं कर्ज. इथे एक गोष्ट पाठ असू द्यावी: हे सहा महिने गटाच्या वहीप्रमाणे मोजायचे, खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ते स्पष्ट आहे. शाखेत ‘खातं नवीन आहे’ म्हणून परत पाठवलं तर त्या परिपत्रकाची प्रत आणि पहिल्या बैठकीचं इतिवृत्त पुढे ठेवायचं. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही आणि गटाच्या बचत खात्यातली रक्कम अडकवूनही ठेवता येत नाही, हेही तिथेच आहे.

पहिल्या कर्जाची रक्कम गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख. निधीत बचत, जमलेलं व्याज, फिरता निधी सगळं धरायचं. पुढचं कर्ज आठपट किंवा किमान तीन लाख, आणि त्यापुढचं किमान सहा लाख, पण सूक्ष्म पतपुरवठा आराखडा पाहून. या आराखड्याला सगळे एमसीपीच म्हणतात. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याज, वेळेवर फेडणाऱ्यांना आणखी ३ टक्के सवलत, आणि आपल्याकडे सुमतीबाई सुकळीकर योजनेतून उरलेलं व्याजही शून्यावर आणायची तरतूद आहे. सवलत नंतर जमा होते. आधी पूर्ण व्याज भरावंच लागतं आणि एक हप्ता उशिरा गेला की ती हातची जाते.

आणि मग येतं समान वाटप. दीड लाख आले, बाया बारा, प्रत्येकीला साडेबारा हजार. कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून हे केलं जातं आणि गटाचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं असं माझं मत आहे. जिला दोन शेळ्या घ्यायच्यात तिला साडेबारा हजार पुरत नाहीत, म्हणून ती उरलेले फायनान्सकडून उचलते. जिला गरज नाही ती तेच पैसे गावात शेकडा पाचने फिरवते. शेवटी गटातूनच सावकार तयार होतो. एमसीपी हा कागद नेमका यासाठी आहे: कुणाला किती, कशाला, कुठल्या महिन्यात, आणि फेडणार कुठल्या पैशातून. पण तो बहुतेक वेळा बँकेत फाइल जायच्या आदल्या संध्याकाळी एकाच हस्ताक्षरात भरला जातो. बारा जणींपैकी नऊ जणींपुढे ‘शेळीपालन’.

शेळीचंच घेऊ. दोन गाभण उस्मानाबादी शेळ्या, प्रत्येकी १०,००० धरा. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. तीन महिन्यांची गाभण शेळी आणली तर वेत दोन महिन्यांनी. उस्मानाबादी बऱ्याचदा जुळी देते, म्हणजे चार करडं. त्यातली तीन जगली असं समजून चालावं. करडू विकण्याजोगं व्हायला सहा महिने. म्हणजे पहिला पैसा आठव्या महिन्यात. २०,००० चं कर्ज गटाने शेकडा एकने दोन वर्षांसाठी दिलं तर हप्ता ९४० च्या आसपास, आणि तो दुसऱ्याच महिन्यापासून सुरू. करडं विकायच्या आधी सातेक हप्ते जातात. साडेसहा हजार, आणि ते येतात मजुरीतून. मजुरी नसली की चौथ्या महिन्यात एक शेळी बाजारात जाते, नुकती व्यालेली, पडेल त्या भावाने.

यावर उपाय गटाच्या हातात आहे. शेळीवाल्या बाईकडून पहिले आठ महिने फक्त व्याज घ्यायचं, महिन्याला २००, आणि करडं विकली की मुद्दलाचा मोठा तुकडा. बँकेचा हप्ता मात्र दरमहा जाणारच, तो भरायचा कुणी? ज्यांचा पैसा आठवड्याला येतो त्यांनी: दूध घालणारी, शिलाईवाली, भाजी विकणारी. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, तिला मासिक हप्ता जड जात नाही. म्हणूनच नऊ जणी शेळीवाल्या असलेला गट धोक्याचा. सगळ्यांचे पैसे एकाच वेळी अडकलेले आणि एकाच रोगाने जाणारे. पीपीआर म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध, एवढं पशुसखीकडून वेळेवर झालं तर मर बरीच कमी होते. विमा काढला असेल तर कानातला बिल्ला पडला की त्याच दिवशी कळवायचं. मेलेल्या शेळीच्या कानात बिल्ला नसेल तर दाव्याचं नाव काढू नये.

शेळीनंतर लोणची-पापड-चटणी. ‘महिलांनी उद्योग करावा’ म्हणताना व्यासपीठावरच्या मंडळींना एवढंच सुचतं. शेंगदाण्याच्या चटणीचा एक घाणा कागदावर मांडू. भाव गावागणिक बदलतील, मांडणी बदलत नाही. दहा किलो दाणे १३० ने १,३००. लसूण, तिखट, जिरे, मीठ ४००. जळण आणि कांडप १००. भाजल्यावर दाण्याची सालं आणि ओल जाते, वरचा मसाला येतो, आणि हाती पडते सुमारे साडेदहा किलो चटणी. २०० ग्रॅमची ५२ पाकिटं. पाकीट-लेबल ४ रुपयांनी २०८. बेरीज २,००८. पाकिटामागे ३९. विकायची ६० ला, म्हणजे २१ रुपये नफा, असं वहीत लिहिलेलं असतं.

यात दोन बायकांचा दिवस नाही. रोजगार हमीवर किंवा निंदणीला गेल्या असत्या तर त्यांना मजुरी मिळालीच असती. ४०० धरली तर ८००. आता पाकीट पडलं ५४ ला. दुकानदार २० टक्के कापतो, म्हणजे हातात ४८. प्रत्येक पाकिटामागे ६ रुपये खिशातून, वर महिन्या-दीड महिन्यात खवट झालेली पाकिटं परत. तीच चटणी आठवडी बाजारात स्वतः बसून ६० ला विकली तर ६ रुपये सुटतात, पण बसणारीचा दिवस पुन्हा मोजावा लागतो. थोडक्यात, किंमत पंच्याहत्तरच्या खाली परवडत नाही, आणि ती मिळायची तर चव, पाकीट आणि लेबल तसं हवं. बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, ती टाळण्यात काही शहाणपण नाही. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात दहा-बारा दिवस माल धडाधड खपतो. तो दिवाळीचा फराळ समजावा. वर्षाचं जेवण वेगळं.

लिज्जतची गोष्ट सगळे सांगतात: १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. त्यातला कामाचा भाग सहसा सुटतो. तिथे पीठ केंद्रावर मळून मिळतं, बाई घरी लाटते, किलोवर मजुरी घेते. विकायला तिला कुणी पाठवत नाही. आपल्या गटांकडून मात्र खरेदी, लाटणं, पॅकिंग, विक्री आणि उधारीची वसुली हे सगळं त्याच बारा जणींनी करावं अशी अपेक्षा असते.

माझ्या मते गावात सगळ्यात बरा चालतो तो दुसऱ्याच्या मालावरचा धंदा. मिरची कांडप, शेवयांचं यंत्र, पिठाची गिरणी. गिऱ्हाईक स्वतःचे गहू, स्वतःची मिरची घेऊन येतं, रोख देऊन जातं. कच्च्या मालात पैसा अडकत नाही, खवट होत नाही, परत येत नाही. तोटा एकच, हंगाम: फाल्गुन ते वैशाख झुंबड आणि श्रावणात यंत्रावर धूळ. म्हणून हप्ता उन्हाळ्यात दुप्पट आणि पावसाळ्यात नुसतं व्याज असा बांधून घ्यावा. यंत्र घेण्याआधी वीजजोडणी बघावी. घरच्या मीटरवर कांडप चालवलं तर बिल आणि दंड दोन्ही येतात.

सरकारी कामंही गटांना मिळतात: शाळेचा पोषण आहार, गणवेश शिलाई, रेशन दुकान. काम पक्कं, पण बिलं अडकतात. तीन महिने पदरचं तेल आणि भाजी घालून खिचडी शिजवायची तर तेवढं भांडवल गटात हवं, नाहीतर ते पुन्हा शेकडा पाचने येतं. असं काम घेताना किती महिन्यांची उधारी सोसेल हे आधीच काढावं.

एवढं सगळं असूनही फरक पडतो का? उमेद ज्याचा भाग आहे त्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं नऊ राज्यांत जे मोठं मूल्यमापन झालं त्यात गटांतल्या घरांचं उत्पन्न १९ टक्क्यांनी आणि बचत २८ टक्क्यांनी जास्त आढळली, सावकारी कर्जाचा वाटा घटलेला दिसला. १९ टक्के म्हणजे महिना आठ हजारांच्या घरात दीड हजार. लखपती वगैरे कुणी होत नाही, पण जूनमध्ये हात पसरावा लागत नाही. कर्ज तिच्या नावावर आणि म्हैस त्याच्या नावावर हा प्रकारही चालूच असतो. गट एवढं नक्की करू शकतो की खरेदीची पावती आणि विम्याचा कागद कर्ज घेणाऱ्या बाईच्या नावावर असल्याशिवाय दुसरा टप्पा सोडायचा नाही.

एक शेवटचं, कारण दिवाळी जवळ आली की हा विषय निघतोच: ‘सगळं वाटून टाकू, नव्याने सुरू करू.’ भिशीची सवय असलेल्यांना हे सरळ वाटतं. बारा जणी, महिना २०० प्रमाणे दोन वर्षांची बचत ५७,६००, व्याज आठेक हजार, फिरता निधी ३०,०००. निधी झाला ९५,६००, आणि सहापटीने बँकेचं कर्ज ५,७३,६००. दिवाळीला बचत आणि व्याज वाटलं की प्रत्येकीच्या हातात साडेपाच हजारांच्या आत येतात, आणि निधी उरतो ३०,०००. त्याच्या सहापट १,८०,०००. वाटायचंच असेल तर व्याज वाटा, आठ हजार भागिले बारा, सहाशे सहासष्ट रुपये. एका बऱ्या साडीला पुरतात.